उतार

चांदोरीहून तिसरा माणूस आला तेव्हा
दिवेलागण होऊन गेली होती.
पहिला म्हणाला होता, फौज गंगा उतरली.
दुसरा म्हणाला, नाही उतरली.
दोघांची धोतरं कमरेपर्यंत ओली,
दोघांनी शपथ घेतली ती त्याच पाण्याची.

माझ्यापुढे कागद, बोरू
आणि सरदारांचा निरोप:
एका शब्दात लिहा, सांडणीस्वार खोळंबला आहे.

पहिल्याला विचारलं, काय पाहिलंस?
निशाण, म्हणाला. ऐलतीराला रोवलेलं. जरीचं.
त्याच्याखाली राऊत किती?
तो बोटांवर मोजू लागला,
आणि बोटं पुरली.

दुसरा म्हणाला, तोफा पल्याडच आहेत,
बैल सोडलेले, जू आडवी टाकलेली.
मग अल्याड कोण आहे?
असेल कुणी, म्हणाला. माणसं रोजच नदी ओलांडतात.

तिसरा हा धाकू तारू.
एका डोळ्यात फूल पडलेलं.
याला कुणी धाडलं नव्हतं.
याची नाव फौजेनं ओढून नेली,
त्याची फिर्याद घेऊन सात कोस चालत आला होता.

उतरली का रे?
कोण?
फौज.

धाकू उंबऱ्याशी उकिडवा बसला.
म्हणाला, घोड्याचं काय घेऊन बसलात,
घोडं पोहून येतं तसं पोहून जातं.
लीद बघा. अल्याडची लीद परवाची, वाळकी.
आजची कुठाय?
हत्ती पाण्यात चार पावलं आला आणि फिरला,
मी बघितला.
हत्तीला दरमहा नसतो, तो खोटं कशाला करील?
पात्रातल्या देवळाचा कळस अजून बुडालेला आहे.
कळस दिसेतो उतार नाही,
आमच्या बापजाद्यांना नव्हता, त्यांनाच कुठून असणार?

आणि चुली?
चुली दोन्हीकडे. धूर कुणीही करतं.
दळण कुठं चाललंय ते ऐका पहाटे.
जातं जड असतं, धनी.
परत न्यायचं असेल तर जातं कुणी नदीपार आणत नाही.

मग थोडा थांबून म्हणाला,
माझी नाव मात्र सांगते.
पल्याड रिकामी परतली, तर ते उतरतायत.
काल सांजेला ती भरून परतत होती.
कशानं भरून?
धाकूनं उत्तर दिलं नाही.
पंचाच्या टोकानं तो चांगला डोळा पुसला.

बोरू शाईत बुडवला आणि अडलो.
पूर उतरतो. ताप उतरतो.
तव्यावरून भाकरी उतरते, चेहरा उतरतो,
लेकराची दृष्ट उतरते तीन मिरच्यांत,
आणि फौज उतरते.
एवढ्या कामांना पुरलेला शब्द
आज माझ्या हातात येऊन हलेना.

खिडकीखाली घाटावर गलबला होता.
पंचवटीतली बिऱ्हाडं अल्याड येत होती,
पलित्यांच्या उजेडात, कमरभर पाण्यातून.
देव पाटीत, पोर खांद्यावर.
एक बाई एकटीच,
डोईवर चुंबळ आणि चुंबळीवर जात्याची तळी,
वरची पेड मागून नवरा आणत होता.
धाकूही वाकून बघत राहिला.
म्हणाला, हे उतरले बघा.
यांचं लिहा.

एका शब्दात बसलं नाही.
लिहिलं: निशाण अल्याड आहे.
तोफा, दळण पल्याड.
नाव भरून परतते. कळस दिसत नाही.
दिसेल त्या दिवशी पुन्हा लिहितो.

वाळू टाकली, झटकली, थैली बांधली.
सांडणी उठली तशी घुंगरं वाजली
आणि वाजत वाजत गंगापूरच्या अंगाला गेली.
सरदार संतापतील. संतापोत.

धाकू अजून उंबऱ्याशीच.
माझं लिहिलंत का, धनी?

नवा ताव घेतला.
नाव एक, सागवानी,
डाव्या अंगाला डांबराचं ठिगळ.
बापाची का?
नाही, म्हणाला. माझीच.
मागच्या माघात नवी केली.